मोरस बेटाची सहल



माझ्या थोरल्या बहिणीच्या लेकीचं लग्न दिवाळीनंतर झालं. पोरगी नर्स आहे, जावई कंपनीत आहेत. दोघांनी मिळून दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते, लग्नानंतर कुठंतरी लांब फिरायला जायचं म्हणून. परवा ती माहेरी आली ती मोबाईल घेऊनच माझ्याजवळ बसली.

"मावशी, हे बघ. मॉरिशस. जूनमध्ये जायचं ठरतंय."

पडद्यावर निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. एक फोटो पुढे सरकवला तर त्यात हिरवागार ऊस, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. आक्का चुलीपुढून उठून आली, फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, "ऊसच बघायचा तर समुद्रापार कशाला जायचं गं? माझ्याबरोबर आली असतीस तर फुकट दाखवला असता."

आम्ही सगळ्या हसलो. पण आक्काचं हसणं पुरतं हसणं नव्हतं. तिने बारा हंगाम कोयता चालवलाय. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकायचं, सहा महिने कोपीत काढायचे, आणि उचल फिटली की नाही हे मुकादमाच्या वहीतून ऐकायचं. ही पोरगीसुद्धा चार वर्षांची होईपर्यंत उसाच्या फडातच वाढली. आता ती विमानाने उसाच्या बेटावर निघाली आहे.

मी तिला म्हटलं, "जा, जरूर जा. पण चार दिवस समुद्रावर घालवलेस तर एक दिवस माझ्यासाठी ठेव. त्या बेटावर आपल्या बायकांचा मोठा इतिहास आहे." तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

आधी बेट कुठं आहे ते पाहू. मुंबईहून विमानाने साधारण सहा तास लागतात. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे मोठं बेट आहे, त्याच्याही पूर्वेला मॉरिशस. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५ किलोमीटर. म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्यापेक्षाही लहान. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक आपल्या देशातून गेलेल्यांचे वंशज आहेत. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे जूनमध्ये पेरणीची घाई असते तेव्हा तिथे थंडी असते. थंडी म्हणजे काही काकडायची नाही, अंगावर पातळ स्वेटर पुरतो. जानेवारी ते मार्च मात्र चक्रीवादळांचे दिवस. त्यामुळे जून निवडला ते बरंच केलं.

माझ्या आजीच्या तोंडी एक शब्द होता, मोरस साखर. पांढरी, दाणेदार साखर ती मोरस. आपल्यातल्या जुन्या बायकांनी हा शब्द ऐकला असेल. गुजरातीत तर साखरेला आजही मोरस म्हणतात. हा शब्द मॉरिशसवरूनच आला. एकोणिसाव्या शतकात तिथली साखर जहाजं भरभरून मुंबईला उतरायची आणि बेटाच्या नावानेच ओळखली जायची. आता गंमत पाहा, तो ऊस तोडणारे हातही बरेचसे इथूनच गेलेले होते. भावाच्या लग्नात वाटलेली साखर समुद्रापार बहिणीने तोडलेल्या उसाची असेल, हे दोघांनाही ठाऊक नसणार.

हे हात तिथे गेले कसे? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

या बेटावर आधी माणूस राहतच नव्हता. डच लोकांनी १५९८ साली ते ताब्यात घेतलं, त्यांच्या एका राजपुत्राचं नाव दिलं, आणि १६३९ साली जावा बेटावरून तिथे ऊस आणला. ते निघून गेल्यावर १७१५ पासून फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून माणसं धरून आणली आणि गुलाम म्हणून राबवली. १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट जिंकलं. ऊस तसाच राहिला, गुलामही तसेच राहिले.

बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा एक उभा डोंगर आहे. पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर, कपारींत लपून राहत. असं सांगतात की गुलामगिरी संपली हे सांगायला शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असं समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही गोष्ट तिथल्या घराघरांत सांगितली जाते. त्या डोंगराला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक गुलाम मोकळे झाले. सरकारने भरपाई दिली, पण ती मालकांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून दिलं त्यांच्या हाती काहीच आलं नाही. उलट काही वर्षं त्यांनी जुन्याच मालकाकडे शिकाऊ म्हणून काम करावं अशी अट घातली. ती मुदत संपली आणि बहुतेकांनी फड सोडला. ज्या शेतात चाबूक खाल्ला तिथे कोण परत जाईल?

आता मळेवाल्यांना माणसं हवी होती आणि स्वस्त हवी होती. त्यांची नजर हिंदुस्थानावर गेली. गुलामगिरी संपायच्या तीन महिने आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या बंदरात लागलं. ते छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले लोक होते. त्यांच्याशी पाच वर्षांचा करार केला होता. पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल, कपडा. या कराराला आपल्या लोकांनी 'गिरमिट' म्हटलं, आणि करारावर गेलेला तो 'गिरमिटिया'.

हा प्रयोग मळेवाल्यांना फायद्याचा वाटला. मग कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही बंदरांतून जहाजं सुटू लागली. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसं त्या एवढ्याशा बेटावर उतरली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले, रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते. कोकणात जमीन थोडी, खोताचा धारा जड, पावसानंतर हाताला काम नाही. तिथे दलाल यायचा आणि सांगायचा, बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं.

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकून मला हसू येत नाही. आपल्याकडे मुकादम सोन्याची गोष्ट सांगत नाही, तो रोख उचल हातावर ठेवतो. पण ज्या घरात लेकीचं लग्न काढलंय किंवा दवाखान्याचं बिल थकलंय, त्या घराला उचलसुद्धा सोन्यासारखीच दिसते. माणूस भोळा असतो म्हणून फसतो असं आपण म्हणतो. खरं तर दुसरी वाट नसते म्हणून तो तिकडे वळतो.

पहिल्या काही वर्षांत फसवणूक इतकी झाली की आरडाओरड होऊन १८३९ साली सरकारने मजुरांची ही निर्यात बंद केली. पण मळेवाल्यांनी जोर लावला आणि १८४२ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. या वेळी बंदरावर सरकारी अधिकारी नेमला. प्रत्येक माणसाला विचारायचं, तू राजीखुशीने चाललास का, कुठे चाललास ते ठाऊक आहे का. कागदावर नियम चांगला होता. पण भाषा न कळणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसाला अशा प्रश्नाचं उत्तर किती देता आलं असेल, हे आपण जाणतोच.

आता बायकांकडे येऊ.

सुरुवातीच्या जहाजांत बायका फारच थोड्या होत्या. मळेवाल्यांना वाटे, बाई म्हणजे खाणारं तोंड. तिला बाळंतपण आलं, पोरं आली. पण हजारो पुरुष एकटे आणल्यावर ते टिकेनात. करार संपला की गावी परतायला निघायचे. तेव्हा मळेवाल्यांच्या ध्यानात आलं की बाई आली तर घर होतं आणि घर झालं की माणूस राहतो. मग जहाजात पुरुषांच्या मानाने ठराविक प्रमाणात बायका असल्याच पाहिजेत असा नियम झाला आणि १८५० नंतर हे प्रमाण वाढवत नेलं. म्हणजे बाईला नेलं ते तिच्या भल्यासाठी नव्हे. पुरुषाला बांधून ठेवायचा दोर म्हणून नेलं.

कोण होत्या या बायका? काही नवऱ्याबरोबर गेल्या. काही आधी गेलेल्या नवऱ्याच्या मागून गेल्या. काही विधवा होत्या, काही घरातून टाकलेल्या होत्या. जिला गावात उभं राहायला जागा उरली नाही तिला जहाजात जागा मिळाली. समुद्र ओलांडला की जात बुडते असं त्या काळी लोक मानायचे. तरीही त्या चढल्या. त्यांना त्या काळी कुणी धाडसी म्हटलं नाही. साहेबांच्या कागदांत आणि आपल्या समाजाच्या तोंडीही त्यांच्याबद्दल वाईटसाईटच जास्त आहे. एकटी बाई घराबाहेर पडली की बोलायला लोक तेव्हाही तयार होते.

शिडाच्या जहाजात तळघरात दाटीवाटीने आठवडेच्या आठवडे काढायचे. पाणी मोजून मिळायचं. पटकी, देवी, हगवण यांनी वाटेतच माणसं जायची. आजार असेल तर बंदराबाहेर जहाज अडकवून ठेवत. मग पोर्ट लुई या राजधानीच्या बंदरावर उतरायचं. तिथे १८४९ मध्ये सरकारने मजुरांसाठी एक तळ बांधला. धक्क्यावरून काही दगडी पायऱ्या चढून आत जायचं, ओट्यावर झोपायचं, नोंद करायची, नंबर घ्यायचा आणि मालक नेईल त्या मळ्यावर जायचं. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. दरवर्षी २ नोव्हेंबरला तिथे सुट्टी असते आणि लोक त्या पायऱ्यांवर फुलं वाहतात.

माझ्या भाचीला मी सांगितलं, हॉटेलवाला दाखवेल ते सगळं बघ, पण त्या पायऱ्यांवर एकदा उभी राहा. चपला काढून उभी राहा.

मळ्यावरचं जगणं कसं होतं? पहाटे अंधारात हजेरी. ऊस लावणे, दगड वेचणे, खुरपणे, तोडणे, वाहणे. बाईने करार केला तर मजुरी पुरुषापेक्षा कमी. करार नसेल तरी हंगामात खुरपायला, ऊस वाहायला ती हवीच असायची. त्याशिवाय घरचं दळणकांडण, पाणी, लाकूड, पोरं. आणि सगळ्यांत वाईट होता तो खाड्याचा हिशेब. एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी असलं तरी बऱ्याचदा तेच. लोक याला 'डबल कट' म्हणत. हा नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. महिनाभर राबून हातात काहीच न येणारी माणसं होती, उलट देणं निघायचं.

हे मी आक्काला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात पण खाड्याला दंडच आहे. पाळी आली, अंगावरून गेलं तरी फडात जावं लागतं. एक दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड बसतो." पावणेदोनशे वर्षं झाली, देश बदलला, राज्य बदललं, पण खाड्याचा हिशेब उसाने सोडला नाही.

१८६७ साली आणखी एक जाच आला. करार पुरा करून मोकळ्या झालेल्या मजुरांनीसुद्धा फोटो चिकटवलेलं तिकीट कायम जवळ बाळगायचं. पोलिसाने विचारलं आणि ते नसलं तर तुरुंग. त्याच साली बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं गेली. पण लोक गप्प बसले नाहीत. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी सह्या-अंगठे करून गव्हर्नरकडे अर्ज दिला. आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याने तो लिहायला मदत केली, त्यासाठी आपल्याच लोकांचा मार खाल्ला. या अर्जामुळे दुसऱ्या वर्षी विलायतेहून चौकशी आयोग आला. एका अर्जाने सगळं बदललं नाही, पण साहेबाला उत्तर द्यावं लागलं. आपण तहसीलवर अर्ज घेऊन जातो आणि चार हेलपाट्यांत दमतो तेव्हा हा अर्ज आठवावा.

या सगळ्यात बाईने काय केलं? तिने घर उभं केलं आणि पैसा राखला. मळ्याच्या वस्तीत परसात भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, गाय घेतली, दूध विकलं. चार पैसे सुटले की चांदी करून अंगावर घातली. बँक नव्हती, असती तरी तिला आत कुणी घेतलं नसतं. बाईच्या हातातल्या गोठ-पाटल्या आणि गळ्यातली नाण्यांची माळ हीच घराची बँक. पुढे १८८० च्या सुमारास साखरेचा भाव पडला. मोठे मळेवाले अडचणीत आले आणि त्यांनी मळ्यांचे तुकडे करून विकायला काढले. तेव्हा मजुरांनी ते तुकडे घेतले. चांदी मोडून, गाय विकून, नातेवाइकांकडून हातउसने घेऊन एक-दोन एकर घेतलं. काही ठिकाणी बायकांनी स्वतःच्या नावावरही जमीन घेतली. असं करत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावरच्या उसाच्या जमिनीचा मोठा हिस्सा गिरमिटियांच्या मुलाबाळांकडे आला. साधारण तीनातले दोघे परत न येता तिथेच राहिले, ते या जमिनीमुळे आणि घरामुळे.

पण एक घोळ होता. आपल्या रीतीने लागलेलं लग्न सरकारी दप्तरात नोंदवलं नसेल तर कायद्याने ते लग्नच नव्हे. नवरा गेला की बाई एका दिवसात परकी. जमीन, घर, काही तिचं नाही. पोरंसुद्धा बेकायदा ठरायची. आयुष्यभर चांदी मोडून घेतलेली जमीन अशी हातातून गेलेल्या बायका तिथे होत्या. आपल्या गटात आपण लग्नाची नोंदणी करा, सातबाऱ्यावर नाव लावा, म्हणून इतकं मागे लागतो ते याचसाठी.

इकडे आपल्या देशातही या पद्धतीविरुद्ध आवाज उठला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये देशाच्या कायदेमंडळात गिरमिट पद्धत बंद करा असा ठराव मांडला. तो त्या वेळी नामंजूर झाला. पण लोकमत तापत गेलं आणि १९१७ मध्ये सरकारने गिरमिटाची निर्यात थांबवली. ज्या जिल्ह्यातून माणसं गेली त्याच जिल्ह्याचा एक माणूस त्यांच्यासाठी उभा राहिला. मॉरिशसला जाणारी जहाजं मात्र त्याआधी, १९१० च्या सुमारासच थांबली होती. बेटाला आता माणसांची टंचाई नव्हती.

गिरमिट संपलं, पण मजुरी वाढली नाही. आता एका बाईचं नाव सांगते, ते लक्षात ठेवा. अंजली कूपेन. तिथे अंजले म्हणतात. तमिळ घरातली, वय ३२, पोटाशी. सप्टेंबर १९४३ मध्ये बेटाच्या उत्तरेला बेल व्ह्यू हारेल या मळ्यावर मजुरांनी पगारासाठी संप केला होता. २७ सप्टेंबरला पोलिसांनी वस्तीवर गोळीबार केला. चौघे मेले, त्यात अंजली होती. आज त्याच भागात एका मोठ्या स्टेडियमला तिचं नाव आहे. राजाचं नाही, मंत्र्याचं नाही, उसाच्या मजूर बाईचं नाव. आपल्या राज्यात इतका ऊस, इतके कारखाने. ऊस तोडणाऱ्या बाईच्या नावाचं स्टेडियम मला तरी ठाऊक नाही.

अंजली गेली त्यानंतर पाच वर्षांनी, १९४८ मध्ये, बेटावर निवडणूक झाली. तोवर मत फक्त पैसेवाल्यांना होतं. आता नियम असा झाला की बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एकीत साधी वाक्यं लिहिता-वाचता येतील त्या प्रौढ माणसाला मत, बाईलाही. मग वस्त्यावस्त्यांवर 'बैठका' भरू लागल्या. बैठक म्हणजे संध्याकाळची शाळा, भजनाची जागा, पंचायत, सगळं एकच. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवू लागली. त्या वेळी हजारो मजूर पहिल्यांदा मतदार झाले. आपल्या गटात सत्तरीच्या आजीने अंगठा सोडून सही केली तेव्हा आपण पेढे वाटले होते, आठवतं ना? वीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ रोजी, मॉरिशस स्वतंत्र झाला.

आपली मराठी माणसं तिथे आज थोडीच आहेत. रोजची बोली क्रेओल झाली आहे. पूर्वजाचं पहिलं नावच पुष्कळांचं आडनाव झालं, तेही कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं. तरी गणपती आहेत. १८९६ पासून तिथे गणेशोत्सव होतो आणि आज त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. कॅस्कावेल गावात मराठी लोकांचं जुनं देऊळ आहे. कोकणातली जाखडी तिथे झाकरी या नावाने नाचतात. शाळेत मराठी शिकवतात. बिहारकडून गेलेल्या बायकांची लग्नातली गाणी, त्यांना तिथे गीत-गवई म्हणतात, ती तर २०१६ साली जगाच्या वारशात नोंदली गेली. हळदीला, मांडवात, बायका ढोलकीवर, लोट्यावर चमच्याचा ठेका धरून गातात ती गाणी. कुणी लिहून ठेवली नव्हती, आईकडून लेकीकडे आली. आपल्या जात्यावरच्या ओव्या कुणाकुणाला येतात, जरा मोजून पाहा.

आता मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट सांगते. मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्था आहे. तिथे गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, अंगावरची खूण, जहाज, कुठल्या मळ्यावर दिलं ते. बाईची नोंद वेगळी, तिचा नंबर वेगळा. या वह्या काही प्रेमाने लिहिल्या नव्हत्या, माणूस पळाला तर पकडता यावा म्हणून लिहिल्या. पण आज तिथली पोर जाते, नंबर सांगते, आणि तिला पणजीचं नाव, तिचं गाव, तिच्या कपाळावरच्या गोंदणाची खूण कळते. काही जण ते गाव शोधत कोकणापर्यंत येतात.

हे ऐकल्यावर आक्काने मला विचारलं, "माझी नोंद कुठं असेल गं?"

मी उत्तर शोधू लागले. मुकादमाच्या वहीत तिच्या नवऱ्याचं नाव आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या नावावर, अंगठा त्याचा. बारा हंगाम तिने मोळ्या वाहिल्या, वाढं बांधलं, पोटात लेकरू घेऊन ट्रॅक्टरवर ऊस भरला. त्या बारा हंगामांच्या कुठल्याच कागदावर तिचं नाव नाही. दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेल्या बाईची उंचीसुद्धा लिहिलेली आहे, आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यात गेलेल्या बाईचं नावसुद्धा नाही.

म्हणून या भाषणाच्या शेवटी दोन कामं.

पहिलं. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याची सोय आहे. आपल्या गावातून ज्या बायका तोडीला जातात त्यांनी नवऱ्याच्या नावाखाली नव्हे, स्वतःच्या नावाने नोंद करून घ्यावी. यंदा दसऱ्याच्या आत. गटाने यादी करावी आणि सगळ्यांनी मिळून जावं. एकटीला परत पाठवतात, दहाजणींना बसायला सांगतात.

दुसरं. गटाच्या वहीत मागे कोरी पानं असतात. तिथे प्रत्येकीने आपल्या आईचं, आजीचं नाव लिहावं. माहेरचं नाव, गाव, कुठे कुठे कामाला गेली, किती वर्षं, ते लिहावं. ज्यांना येत नाही त्यांनी सांगावं, दुसरीने लिहावं.

आता सहलीचं. भाचीने यादी केली आहे. चार दिवस समुद्र. एक दिवस पोर्ट लुई आणि आप्रवासी घाट. एक दिवस ल मॉर्नचा डोंगर. उत्तरेला पाम्प्लेमूस गावी जुन्या कारखान्यात साखरेचं संग्रहालय आहे, तेही घेतलं आहे. पासपोर्ट निघाला. आपल्या पासपोर्टवर पर्यटकाला तिथे उतरल्यावर विना फी व्हिसा मिळतो, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. निघण्याआधी नियम पुन्हा पाहून घे, एवढं तिला सांगितलं आहे.

आक्काने काल पोरीला एक पिशवी दिली. आत आमच्या दारच्या झेंडूची वाळवलेली फुलं. विमानात नेऊ देतात का, ते पोरगी विचारणार आहे. नाही नेऊ दिली तर तिथेच घेईल म्हणाली. आक्का म्हणाली, "तिथं घे, पण माझं नाव सांगून वाह."

तुमच्या घरातून, गावातून कुणी असं लांब कामाला गेलं असेल तर त्यांची गोष्ट आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ती याच जागी ऐकू.